रोज अंडं देणारी कोंबडी तब्येतीनं ठणठणीत असतेच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तपकिरी हायब्रीड कोंबडी, वय १६ महिने, अंड्यावर आल्यापासून ११ महिन्यांत ३१२ अंडी, म्हणजे खाडा जवळपास नाहीच. आता पंधरा दिवसांपासून कवच पातळ यायला लागलंय, दोन अंडी तर नुसत्या पापुद्र्याची आली, तुरा फिका पडलाय आणि रात्री बसायच्या दांडीवर उडी मारायला बघते पण मारत नाही. आणि तुम्ही विचारताय की इतकी अंडी देणारी तगडी कोंबडी आजारी कशी पडेल, तिची अंडी संपत आली का, आणि एखादं टॉनिक सांगा.

टॉनिकचं शेवटी बघू. आधी तुमच्या प्रश्नातला "तगडी" हा शब्द बाजूला ठेवूया, कारण खरी गडबड तिथंच आहे. कोंबडी भरपूर अंडी देते म्हणजे ती निरोगी आहे असं आपण धरून चालतो, मीही सुरुवातीची कित्येक वर्षं असंच धरून चाललो. बाकी जनावरांत हे बऱ्यापैकी खरं असतं, अंगात ताकद नसली की प्रजनन थांबतं. पण ज्या कोंबड्यांची निवड पिढ्यान् पिढ्या फक्त अंड्यांच्या आकड्यावर झाली त्यांच्यात हा ब्रेक फार ढिला झालाय. अंग झिजत असतानाही अंडं येत राहतं, त्यामुळे टोपलीत रोज अंडं दिसतं आणि आपण निवांत राहतो.

मुळात कोंबडी ज्या रानकोंबडीपासून आली ती वर्षाला साधारण १० ते १५ अंडी घालते, तीसुद्धा ठरावीक हंगामात. पाच-सहा अंडी घालायची, खुडूक व्हायचं, रवण धरायची, पिल्लं सांभाळायची, मग पिसं गाळायची आणि पुढच्या हंगामापर्यंत अंडाशय आक्रसून जवळजवळ झोपी जायचं. माणसानं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे अंडी रोज उचलायला लागला, आणि घरट्यातली अंडी कमी झाली की कोंबडी पुन्हा घालत राहते. दुसरं म्हणजे खुडूक न होणाऱ्या आणि हंगाम न पाळणाऱ्या कोंबड्यांचीच पिल्लं पुढे नेली. २०१० मध्ये कोंबडीच्या जनुकांवर जे काम छापून आलं त्यात पाळीव कोंबड्यांमध्ये टीएसएचआर नावाच्या जनुकाचा बदललेला प्रकार जवळजवळ सगळीकडे सापडला, आणि पक्ष्यांमध्ये दिवसाच्या लांबीप्रमाणे प्रजनन चालू-बंद करण्याशी या जनुकाचा संबंध आहे.

मग स्पर्धा आल्या. ऑस्ट्रेलियात १९२२-२३ च्या एका चाचणीत सहा ऑस्ट्रलॉर्प कोंबड्यांनी ३६५ दिवसांत मिळून १,८५७ अंडी दिली, म्हणजे सरासरी ३०९ च्या वर, तेही उजेड वाढवायला दिवे न लावता. अमेरिकेत मिझुरी विद्यापीठातल्या एका पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोंबडीनं ३६४ दिवसांत ३७१ अंडी दिली, ती चाचणी १९७९ च्या ऑगस्टमध्ये संपली. तेव्हा हे विक्रम होते. आज साधी हायब्रीड कोंबडी पहिल्या वर्षात ३०० च्या आसपास जाते आणि १०० आठवड्यांच्या वयापर्यंत ५०० अंडी हे कंपन्यांचं उघड ध्येय आहे. तुमची कोंबडी काही चमत्कार करत नाहीये, ती ज्यासाठी घडवली तेच करतेय.

आता ती हे कुठून आणते ते बघा, कारण कवच पातळ होणं आणि दांडीवर उडी न मारणं हा माझ्या मते एकच आजार आहे, दोन नाही.

एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. बलक सुटला की पहिले चार-पाच तास पांढरं आणि आतले पापुद्रे चढण्यात जातात आणि उरलेले २० तास नुसतं कवच चढतं. एका कवचात सव्वादोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात असतं साधारण २० ग्रॅम. म्हणजे दर अंड्याला सांगाड्याच्या दहाव्या हिश्शाएवढं कॅल्शियम बाहेर जातं. तुमचा हिशेब करायचा तर ३१२ अंड्यांत ६८० ते ७०० ग्रॅम गेलं, तिच्या सगळ्या हाडांत मिळून आहे त्याच्या तीस पटींहून जास्त. अंडं ६० ग्रॅमचं धरलं तर एकूण वजन पावणेएकोणीस किलो, आणि कोंबडी स्वतः असेल दोन किलोची.

त्यात अडचण अशी की कवच बहुतेक रात्री चढतं आणि रात्री कोंबडी खात नाही. रक्तात कॅल्शियम अगदी थोडं असतं, काही मिनिटांत संपेल एवढंच. म्हणून निसर्गानं सोय केलीय, अंड्यावर यायच्या आधी दोनेक आठवडे इस्ट्रोजेन वाढलं की पायाच्या वगैरे लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळं भुसभुशीत हाड तयार होतं, त्याला मेड्युलरी बोन म्हणतात. ही कॅल्शियमची तिजोरी. रात्री त्यातून काढायचं, दिवसा खाऊन परत भरायचं.

पण कोंबडी अंड्यावर असेपर्यंत भर फक्त या भुसभुशीत हाडाची होते. अंगाचा भार पेलणारं जे बाहेरचं टणक हाड असतं ते त्या काळात नवीन बनत नाही, उलट थोडं थोडं झिजत राहतं. खाद्य कितीही चांगलं असलं तरी. ते परत भरायला लागतं तेव्हा, जेव्हा अंडी थांबतात आणि हार्मोन खाली येतात. म्हणजे खुडूक बसणं किंवा पिसं गाळणं हा आपल्याला जो "खाडा" वाटतो, तो तिच्या हाडांच्या डागडुजीचा एकमेव काळ असतो. ११ महिने खाडा नाही याचा अर्थ ११ महिने डागडुजी नाही. एवढी एक गोष्ट लोकांनी समजून घेतली तरी कितीतरी कोंबड्या वाचतील असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे सुरुवातीच्या काळात अशीच एक होती. थंडीत अंडी थांबू नयेत म्हणून मी खुराड्यात बल्ब लावला, वहीत रोज खूण करायचो आणि अभिमानानं लोकांना दाखवायचो. एका सकाळी मेलेली सापडली. पोट उघडून बघितलं तर अंडाशयात लहान-मोठे बलक ओळीनं तयार, खाली अर्धं कवच चढलेलं अंडं, म्हणजे मरेपर्यंत काम चालूच. आणि छातीचं हाड एस आकारात वळलेलं, बरगड्या दोन बोटांत धरल्या तर कागदासारख्या मोडत होत्या. बाहेरून ती मला धडधाकट दिसत होती, कारण मी रोज फक्त अंडं उचलत होतो, तिला उचलत नव्हतो.

म्हणून पहिलं काम, आज संध्याकाळी अंधार पडल्यावर कोंबडीला हातात घ्या. छातीच्या मधोमध जे नांगराच्या फाळासारखं हाड लागतं, कील म्हणतात, त्यावरून बोट फिरवा. सरळ पाहिजे. वाकडं लागलं, मध्ये खळगा लागला किंवा कुठं गाठ लागली तर ते मोडून जुळलेलं हाड आहे. हे तुम्हाला वाटतं त्याहून फार कॉमन आहे, डेन्मार्कमध्ये २०२१ साली छापून आलेल्या पाहणीत जवळपास ४,८०० कोंबड्या तपासल्या त्यात सुमारे ८५ टक्क्यांचं हे हाड मोडलेलं होतं. आणि तुटणं बरंचसं मागच्या टोकाला, जिथं आतून अंड्याचा दाब येतो तिथं. त्याच पाहणीत असंही दिसलं की उशिरा अंड्यावर आलेल्या आणि अंगानं भरलेल्या कोंबड्यांत प्रमाण कमी. लहान कोंबडी, मोठं अंडं, लवकर सुरुवात, हे तिन्ही एकत्र आलं की हाड मोडायचा धोका वाढतो. जर्मनीत काही कोंबड्यांना इम्प्लांट (कातडीखाली ठेवतात ती औषधाची कांडी) लावून अंडी बंद ठेवली आणि त्यांच्या बहिणींशी तुलना केली तर इम्प्लांटवाल्यांत कील मोडण्याचं प्रमाण खूपच कमी निघालं, त्यामुळे दोष फक्त दांडीच्या उंचीचा किंवा पडण्याचा नाही, अंड्यांचाही आहे.

मोडलेलं हाड दुखतं. कोंबडी ओरडून सांगत नाही, ती फक्त दांडीकडे बघते आणि खालीच बसते. तुम्ही लिहिलेलं वाक्य वाचून मला पहिल्यांदा हेच डोक्यात आलं.

हातात घेतलीच आहे तर बाकीचंही बघून घ्या. कीलच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं आहे का धार लागते. पोट मऊ आहे का पाणी भरलेल्या फुग्यासारखं लागतं. मागची जागा ओलसर आणि गुलाबी ठीक, पण पांढरी-पिवळी घाण चिकटून वाळलेली असेल तर चांगलं लक्षण नाही. पंखाखाली आणि मागच्या पिसांच्या बुडाशी उवा-पिसवा बघा, आणि दांडीच्या खाचेत बॅटरी मारून लाल गोचीडकिडे आहेत का ते नक्की बघा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुरा फिका पडला की लोक सरळ अशक्तपणाचं टॉनिक आणतात आणि खरं कारण हे रात्री रक्त पिणारे किडे असतात. दिवसा ते अंगावर नसतात, खाचेत लपतात. पांढरा कागद दांडीखाली रगडून बघा, लाल रेघ उमटली की समजायचं. नाहीतर अंडी थांबत आली की तुरा फिका पडतो हेही नॉर्मल आहे. वजनकाट्यावर वजन घ्या आणि लिहून ठेवा, आठवड्यातून एकदा. एका वेळच्या वजनावरून फार कळत नाही, महिनाभरात उतरतंय का ते महत्त्वाचं.

"अंडी संपत आली का" याचं उत्तर सरळ नाही असंच आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हाच त्याच्या डाव्या अंडाशयात हजारोंनी बीजं असतात (उजवं बहुतेक वाढतच नाही), आणि आयुष्यभरात त्यातली काही शेच वापरली जातात. बीजं संपत नाहीत. थकतं ते ती बाहेर आणणारं शरीर, म्हणजे हाडं, लिव्हर आणि अंडनलिका.

अंडनलिकेचं थोडं सांगतो कारण दोन वर्षांपुढच्या हायब्रीड कोंबड्या माझ्याकडे आल्या त्या जास्त करून याच दुखण्यानं. रोजच्या रोज बलक सुटत असेल तर कधीतरी एखादा नळीत न जाता पोटात पडतो. एखाददुसरा अंग शोषून घेतं. पण मागून वर चढलेले ई-कोलाय जंतू तिथं पोचले की बलक म्हणजे त्यांना मेजवानी, मग पोटात पू आणि पाणी. कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहते, शेपटी खाली, चाल मंद, श्वास जोरात. कधीकधी चीजसारखे थरावर थर असलेला रबरी गोळा अंडं म्हणून बाहेर पडतो, तो म्हणजे नळीतला वाळलेला पू, फोटो काढून लगेच पशुवैद्याला दाखवा. लवकर सापडलं तर औषधानं आवरतं, उशीर झाला की पोटातलं पाणी काढून फक्त काही दिवसांचा आराम मिळतो, हे मी खोटी आशा न दाखवता सांगतो.

आणि कॅन्सर. अंडाशयाचा कॅन्सर आपणहून आणि एवढ्या प्रमाणात होणारे प्राणी फार थोडे, त्यात कोंबडी आहे, म्हणून बायकांच्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या संशोधनात कोंबड्या वापरतात. फतल्ला नावाच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये कल्पना मांडली होती की सतत बीज सुटत राहणं, दर वेळी अंडाशयाच्या पृष्ठभागाला जखम होऊन ती भरणं, यातून हा कॅन्सर होत असावा. कोंबडीचं आयुष्य बघितलं तर ते पटतं. तुमची १६ महिन्यांचीच आहे, हा धोका दोन-अडीच वर्षांनंतर वाढतो, त्यामुळे आत्ता घाबरू नका, पण पुढे लक्षात ठेवा.

आता खाद्य. तुम्ही लिहिलंय की अर्धं लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) आणि अर्धे दाणे-उरलंसुरलं. माझ्या मते पातळ कवचाचं निम्मं उत्तर इथंच आहे. लेयर फीडमध्ये कॅल्शियम साडेतीन ते साडेचार टक्के असतं, कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाते, म्हणजे चार ग्रॅमच्या वर मिळतं, त्यातलं साधारण अर्ध्याच्या थोडं वर अंगी लागतं, आणि कवचाला सव्वादोन ग्रॅम लागतात. बघा, पूर्ण फीड खाल्लं तरी कसंबसं जमतंय. त्यात अर्धे दाणे घातले, आणि दाण्यात कॅल्शियम नसल्यातच जमा, की रोज एक ग्रॅमच्या वर तूट, आणि ती निघते हाडांतून. दाणे आणि लाड म्हणून जे काही देता ते सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. दाण्यानं प्रोटीनही पडतं आणि चरबी वाढते, जाड कोंबडीचं लिव्हर चरबीनं ठिसूळ होतं आणि अंडं घालताना जोर लावल्यावर फुटून आतल्या आत रक्त जातं, एकदम मेलेली सापडते.

शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, फीडमध्ये मिसळू नका, तिला किती हवं ते तिला कळतं. चुरा जाडसर हवा, दोन ते चार मिलिमीटरचे तुकडे. पीठ केलेलं झटकन पुढे निघून जातं, जाड तुकडे पेट्यात (खाल्लेलं दळणाऱ्या पोटात) थांबून रात्रभर हळूहळू विरघळतात, बरोबर कवच चढायच्या वेळेला. म्हणून तो दुपारनंतर भांड्यात असलाच पाहिजे. शिंपले आणि खडे यात गल्लत करू नका, खडे दळायला, शिंपले कवचाला, दोन्ही लागतात. ऊन मिळालं पाहिजे, नाहीतर व्हिटॅमिन डी-३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. आणि एक इशारा, लेयर फीड तलंगांना अंड्यावर यायच्या आधी महिनोन् महिने घालू नका, जास्तीच्या कॅल्शियमनं त्यांची किडनी बिघडते.

कडक उन्हाळा चालू असेल तर धापा टाकूनही कवच पातळ होतं, कारण श्वासातून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं, अशा वेळी सावली आणि गार पाणी हेच औषध. पण त्यात सगळ्याच कोंबड्यांची कवचं बिघडतात. सगळ्यांची एकदम बिघडली, सुरकुतलेली आली, पांढरं पाण्यासारखं झालं तर विषाणूचा संशय घ्यायचा. तुमच्याकडे एकीचंच आहे म्हणून मी हाडं आणि खाद्य यावर आलो.

विश्रांती कशी द्यायची हा खरा प्रश्न. दिवे बंद करा, पहिलं. १४-१६ तास उजेड मिळाला की अंडाशय चालू राहतं, कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी नाही तर कवटीतून आत मेंदूलाही कळतो. नैसर्गिक दिवस लहान होतात तसे होऊ द्या. पिसं गाळायला लागली की दोन-तीन महिने अंडी थांबतील, थांबू द्या, त्या काळात प्रोटीन चांगलं द्या कारण पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच. उपाशी ठेवून किंवा पाणी तोडून जबरदस्तीनं पिसं गाळायला लावायची पद्धत होती, ती कृपा करून वापरू नका, झिजलेल्या कोंबडीवर तो सरळ अत्याचार आहे. खुडूक बसली तर लगेच उठवू नका, दोन-तीन आठवडे बसू द्या, फक्त रोज खायला-प्यायला उठतेय ना ते बघा. तुमची हायब्रीड बहुधा बसणार नाही, तो गुण त्यांच्यातून काढूनच टाकलाय. ज्या कोंबड्या वारंवार अंडं अडकून किंवा पोटात बलक पडून आजारी पडतात त्यांना पशुवैद्य डेस्लोरेलिन इम्प्लांट लावतात, काही महिने अंडी थांबतात. हे कोंबड्यांसाठी बनवलेलं औषध नाही, डॉक्टरांशी बोलूनच, आणि त्यानंतर त्या कोंबडीची अंडी खायची नाहीत.

तुमच्या कोंबडीसाठी या आठवड्यात एवढं करा. दांडी गुडघ्याच्या उंचीच्या खाली आणा किंवा चढायला तिरकी फळी लावा, खाली भुसा जाड पसरा. दाणे पूर्ण बंद, फक्त लेयर फीड आणि शिंपले. किडे असतील तर खुराडं आणि दांडी दोन्हीचा बंदोबस्त, सात दिवसांनी परत, कारण किड्यांच्या अंड्यांतून नवे निघतात. पाण्यातून कॅल्शियम-डी-३ चं द्रावण पाच-सात दिवस चालेल, तुम्ही विचारलेलं टॉनिक ते हेच, लिव्हर टॉनिकच्या मागे लागू नका. कवच दहा-बारा दिवसांत सुधारलं पाहिजे. नाही सुधारलं, किंवा वजन उतरतंय, पोट पाण्यासारखं लागतंय, ताठ उभी राहते, तर एक्स-रे काढून घ्या, कील आणि पोट दोन्ही त्यात दिसतं.

आणि मध्येच एखाद्या दिवशी ती सारखी घरट्यात जाऊन कण्हतेय, शेपटी वरखाली हलवतेय, पण अंडं येत नाहीये असं दिसलं, तर अंडं अडकलंय, पापुद्र्याची अंडी देणाऱ्या कोंबडीत हे सहज होतं कारण नळीच्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं. कोमट पाण्यात पोटापर्यंत २०-३० मिनिटं बसवा, मग पुसून अंधाऱ्या, उबदार जागी एकटी ठेवा. पोट दाबू नका, आत अंडं फोडू नका. काही तासांत मोकळी झाली नाही तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.